भिंतीआडची वीज कोण तपासणार?

मंगळवारी किंवा शुक्रवारी राहुकाळात बंगळूरच्या बनशंकरी देवळात गेलात, तर बायकांची रांग दिसते. पिळून उलट्या केलेल्या लिंबांच्या सालींत दिवे लावलेले असतात. बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातल्याही कितीतरी घराण्यांची कुलदेवता, त्यामुळे या रांगेत कधीमधी मराठीही कानावर पडते. इथे प्रत्येक ज्योतीवर कुणाची ना कुणाची नजर असते.

देवळाच्या आसपासच्या वस्तीत तीन-चार मजली इमारती दाटीने उभ्या आहेत. तळाला मिठाईचे दुकान किंवा बँक, वर दवाखाना, त्याच्यावर शिकवणीचा वर्ग, गच्चीवर एखादे कार्यालय. जिन्याखाली मीटरांची फळी आणि तिथेच रखवालदाराची खाट, झाडू, रिकामे खोके. या भिंतींमधून दिवसभर जी वीज धावते, तिच्यावर कुणाची नजर असते?

23 फेब्रुवारी 2010 रोजी याच शहरात, जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली. विजेच्या तारा सर्व मजल्यांवर नेणारी जी उभी पोकळी असते, तिच्यातून धूर वर चढला. कामावर आलेली माणसे धुरात कोंडली, काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 9 जण दगावले. कामाचा दिवस होता, इमारत भरलेली होती. विजेचा दोष बहुधा अशाच वेळी उघडा पडतो, कारण तेव्हाच तारांवर पूर्ण भार असतो.

फ्यूज का उडत नाही?

पुष्कळांची समजूत असते की काही बिघडले तर फ्यूज उडेल किंवा एमसीबी खाली पडेल. शॉर्टसर्किट झाले किंवा तारेवर फार बोजा पडला तर ते खरे. पण एखादा स्क्रू ढिला असेल, तर त्या जोडातून प्रवाह नेहमीइतकाच जातो. एमसीबीला त्यात वावगे काही दिसत नाही. जोड मात्र तापत राहतो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर आणखी दोन एसी बसले की वर्षभर कोमट असलेला जोड निखाऱ्यासारखा होतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 जीव गेले, त्याच्या मुळाशी असाच एक जोड होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने सकाळीच एकदा पेट घेतला होता. त्याची घाईने दुरुस्ती झाली. केबलचे टोक यंत्राने घट्ट दाबून बसवायला हवे होते, ते हातोडीने ठोकून बसवले गेले. दुपारी, खेळ चालू असताना, तोच जोड सुटला.

दोन वेळा, दोन तऱ्हा

म्हणून वापरातल्या इमारतीची तपासणी दोनदा करावी लागते आणि खरी अडचण इथेच आहे. पहिली फेरी गर्दीच्या वेळची, भर दुपारी सगळे एसी, पंखे, लिफ्ट चालू असताना. परवानाधारक माणूस रबरी चटईवर उभा राहून पॅनेल उघडतो. क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकेक तार धरून तिच्यातून किती अँपिअर वाहतात ते पाहतो. उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर काम सोपे होते, कारण शेजारच्या जोडांपेक्षा तापलेला जोड चित्रात वेगळा उठून दिसतो. दुकानदाराच्या धंद्यात खंड पडत नाही. ही फेरी टाळायला खरे तर कुणाकडेच सबब नाही.

दुसरी फेरी वीज बंद करून. तारेवरचे आवरण शाबूत आहे का, हे मेगर नावाच्या यंत्राने 500 व्होल्ट देऊन तपासतात. रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे. त्याआधी संगणक, टीव्ही, एलईडी दिवे सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर तपासणीनेच ते जळायचे. मग अर्थिंग. पाण्याचा कूलर, लोखंडी शटर यांना शॉक येऊ नये म्हणून ते नीट हवे. 30 मिलीअँपिअर गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी खरोखर तोडते का, तेही मोजून पाहायचे.

पण वीज बंद करायची कधी? रविवार म्हणावा, तर शिकवणीचे वर्ग रविवारीच तुडुंब. दवाखान्यात लसींचा फ्रिज, बँकेत धोक्याची घंटा आणि एटीएम. त्यामुळे मजल्यामजल्याने काम करावे लागते, आठवडाभर आधी प्रत्येकाला लेखी कळवावे लागते आणि मेन स्विचला कुलूप घालून किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी लागते. एवढे करूनही एक दगा उरतो, तो इन्व्हर्टरचा. मेन बंद, तरी तार जिवंत! म्हणून तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा आणि तो टेस्टर चालतो की नाही, हे आधी चालू विजेवर पाहून घ्यायचे.

वीज पुन्हा सुरू करतानाही घाई नडते. मुख्य न्यूट्रल जोडायचा राहिला, तर 230 व्होल्टवर चालणाऱ्या पंख्या-फ्रिजवर 400 पर्यंत दाब येऊ शकतो आणि क्षणात अख्ख्या मजल्याचे सामान खलास.

कायदा काही आजचा नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतच पाच वर्षांतून एकदा तरी तपासणी सांगितली होती. 2010 मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली आणि 2023 मध्ये तेही बदलले. तपासणी मात्र कायम राहिली. घोडे अडते ते खर्चावर. भाडेकरू म्हणतात, पॅनेल मालकाचे. मालक म्हणतो, एसी तुम्ही वाढवलेत. भाडेकरारात याविषयी एक ओळ आधीच घातली, तर हा वाद टळतो. जिन्याखालचे खोके हलवायला तर करारही लागत नाही. मजल्यामजल्यावर तारा जातात तिथली भोके आगीला दाद न देणाऱ्या लेपाने बुजवली, तर धूर वर चढायला वाट मिळत नाही. कार्लटनमध्ये ती मिळाली होती.

रविवारी ढिला जोड आवळला की वायरमनचे काम संपले असे नाही. सोमवारी दुपारी, सगळे एसी चालू असताना, तोच जोड त्याला पुन्हा एकदा कॅमेऱ्यातून पाहावा लागतो.