गरीब म्हणजे गुन्हेगार?

‘गरिबी वाढली की गुन्हे वाढतात’ असं आपण सहज बोलून जातो. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार २०१९-२१ मध्ये बिहारमधले जवळपास ३४ टक्के लोक गरीब होते, केरळमधले एक टक्काही नव्हते. तरीही सरकारी नोंदींत लोकसंख्येच्या मानाने गुन्हे केरळमध्येच कितीतरी जास्त दिसतात. तिथे तक्रार लिहून घेतली जाते, हे त्याचं मोठं कारण. नोंद वाढणं वेगळं, गुन्हा वाढणं वेगळं.

‘पण तुरुंगात गरीबच दिसतात ना?’ दिसतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे खटला न संपलेले. यातल्या कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही.

मग गरिबीचा काहीच संबंध नाही? आहे, पण हातची रोजी अचानक जाते तेव्हा तो जास्त दिसतो. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. अनेकांची नोकरी कायमची गेली. टोळ्यांना गिरणगावातली पोरं मिळाली ती यानंतर. बहुसंख्य घरांनी मात्र भाजी विकून, खानावळ चालवून, पहारेकरी होऊन दिवस काढले, हे आपण विसरतो.

सगळ्यात घातक गैरसमज ‘अमक्या जातीच्या रक्तातच चोरी’ हा. तो इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी कागदावर आणला, पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू केला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठीच्या बंदिस्त वसाहतीत, अख्खी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड राहत, हजेरी देत, परवानगीशिवाय बाहेर पडू शकत नसत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि विमुक्तांवरची, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींवरची, नजर हटलीच नाही. त्यांच्यातलेच फासेपारधी फासे लावून तितर, लावे धरायचे आणि बाजारात विकायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच होतं. पण त्या माणसांनी उद्या काय खायचं, याचा विचार कुणी केला नाही. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. तिथे त्याआधी तहसीलदाराने जातीचे दाखले आणि शिधापत्रिका घेऊन पोचायला हवं.