पहारेकऱ्यांच्या खर्चाचे अंदाजपत्रक

आगोटी जवळ आली की आपण घरात बेगमी करतो. तांदूळ किती लागेल, मीठ-मिरची किती, सुके बोंबील किती, हे आधी मोजतो. पाऊस लागल्यावर धावाधाव नको. मोठ्या संस्थाही असेच करतात. पुढच्या वर्षाचा खर्च आधी मांडतात. त्याला म्हणतात अंदाजपत्रक.

आपल्या मिरा-भाईंदरचेच पाहा. 1985 साली इथे नगरपरिषद झाली. 2002 साली महानगरपालिका झाली. कचेरी आली, शाळा, बागा, पाण्याच्या टाक्या आल्या. या सगळ्यांना राखण लागते. सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि 31 मार्चला संपते. म्हणून राखणीचा खर्चही त्याच्या आधी मांडावा लागतो.

तो कसा मांडतात? एक फाटक घेऊ. तिथे रात्रंदिवस पहारा हवा. माणसाने आठ तास काम करावे. म्हणजे दिवसाला तीन पाळ्या. आठवड्याच्या झाल्या एकवीस. एक माणूस सहा दिवस काम करतो, सातव्या दिवशी सुटी. तिघांच्या पाळ्या भरल्या अठरा. तीन पाळ्या उरल्याच की! शिवाय कुणी आजारी पडतो, कुणाच्या घरी लग्न निघते. म्हणून एका फाटकाला चार माणसे धरावी लागतात.

आता पैसे मोजू. समजा, एकाचा पगार महिना 15,000 रुपये आहे. चौघांचा वर्षाचा पगार झाला 7,20,000 रुपये. पण हिशेब इथे संपत नाही. भविष्यनिर्वाह निधीत मालकाने 12 टक्के भरायचे, ते 86,400 रुपये. कामगार विम्याचे सव्वातीन टक्के, ते 23,400 रुपये. बेरीज झाली 8,29,800 रुपये. त्यात बोनस, गणवेश, बूट, विजेरी, रेनकोट हेही धरायचे. शेवटी अडीअडचणीला थोडी रक्कम राखून ठेवायची.

काही जण म्हणतात, 'चार कशाला? दोन पुरेत.' कागदावर पैसे वाचतात खरे. पण मग दोघांना बारा-बारा तास उभे राहावे लागते. सुटी मिळत नाही. पहाटे डोळा लागतो आणि नेमकी तेव्हाच चोरी होते. वर बोल कुणाला? त्या गरीब पहारेकऱ्याला! चूक मात्र अंदाजपत्रकात झालेली असते.

पहारेकऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1981 साली कायदा झाला. त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. मंडळाकडून माणसे घेतली, तर पगार आणि वरची वर्गणी मंडळाकडे भरावी लागते. अंदाजपत्रकात तीही धरायची.

तुमच्या घरातला कुणी पहाऱ्याच्या नोकरीला आहे का? मग त्याची पगाराची चिठ्ठी एकदा वाचा. निधी कापला का, विमा कापला का, ते पाहा. आता आपल्याला वाचता येते. आपला हिशेब आपणच तपासू या.