प्रेक्षकांचा कौल

चित्रपटव्यवसायाची दिशा निर्माते आणि वितरक ठरवितात असा सर्वसाधारण समज असला, तरी अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या उपनगरांतील मराठी रसिकांच्या मतासही मोठे वजन आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांच्या वाट्याला आडवेळेचे खेळ येतात, ही त्यांची तक्रार जुनीच; तिची दखल घेऊन एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री आणि बोरिवलीचे आमदार विनोद तावडे यांनी सायंकाळी सहा ते नऊ ही मोक्याची वेळ मराठीसाठी राखण्याचे फर्मान जाहीर केले, आणि पुढे ती मर्यादा दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली.

परंतु हुकुमाने पडदा मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला स्त्रिया ठेवणीतल्या साड्या नेसून, नथ घालून, मैत्रिणींचे जथे करून गेल्या आणि चित्रपटगृहातच फुगड्या घालू लागल्या, कारण मंगळागौरीच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींच्या कथेत त्यांना स्वतःचा संसार दिसला होता. हा कौल निर्मात्यांनी आदरपूर्वक ऐकावा, आणि रसिकांनीही तो पहिल्याच आठवड्यात तिकीटखिडकीवर नोंदवावा.