हबे आमरी : कूळ आणि खुणा

कूळ : आमरी, म्हणजेच ऑर्किड. जगभरात सुमारे २८,००० जाती, ५ उपकुळे.

वय : अंबरातील (अश्मीभूत राळेतील) मधमाशीच्या पाठीवर आमरीचे परागपुंज असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून कुळाचा उगम डायनोसॉरच्या काळात, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी मानला जातो.

प्रजाती : हॅबेनारिया, अर्थात हबे आमरी. नामकरण १८०५, विल्डेनोव. लॅटिन ‘हॅबेना’ म्हणजे वादी, लगाम.

दोन प्रकार
- जमिनीवरच्या : हबे आमरी, सॅटिरियम. जमिनीखाली कंद, पावसाळ्यात पाने-फुले, नंतर फक्त कंद उरतो.
- झाडावरच्या : सीतेची वेणी. हवेतील मुळांवर पाणी शोषणारे स्पंजासारखे आवरण.

बदलत गेलेली लक्षणे
- शुंडिका : फुलामागची मधाची नळी. लांब शुंडिकेतला मध लांब सोंडेच्या पतंगांनाच मिळतो.
- पीळ : बहुतेक आमरींची कळी उमलताना १८० अंशांनी वळते, ओठ (वेगळ्या आकाराची पाकळी) खाली येतो. सॅटिरियममध्ये ओठ वरच राहतो, शुंडिका दोन.

नवे नाते : डीएनए अभ्यासानुसार हॅबेनारियातील सर्व जाती एकाच पूर्वजाच्या नाहीत. फुलांचे साम्य म्हणजे नेहमीच जवळचे नाते नव्हे.

पुण्याजवळ : एकपानी हबे आमरी सिंहगड परिसरात पावसाळ्याच्या सुरुवातीस फुलते. हृदयाकृती पान जमिनीला चिकटलेले, फुले पांढरी.