समजून घ्या : चढणीच्या माशांच्या वाटेवर ‘गवत मारायचे औषध’

मृगाचा पाऊस पडला की सिंधुदुर्गात चढणीचे मासे निघतात. गड, कर्ली या नद्यांतून व्हाळात आणि तिथून भातशेतीच्या उथळ पाण्यात शिरून ते अंडी घालतात. याच दिवसांत बागांत आणि शेताच्या मेरांवर तणनाशक फवारले, तर पुढच्याच सरीने ते व्हाळात उतरते.

तणनाशक गवतासाठी, मग माशांना धोका कसा?
ग्लायफोसेट वनस्पतींमधील एका एन्झाइमचे काम बंद पाडते. ते एन्झाइम माशांत नसते. पण औषध पानावर नीट पसरावे म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ मिसळतात. त्यांतील काही पदार्थ माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. मग माशाला श्वास घेणे जड जाते. लहान पिल्लांना त्याचा धोका अधिक.

औषधी गोळ्यांचा काय संबंध?
गोळीचा काही अंश लघवीतून बाहेर पडतो आणि सांडपाण्याबरोबर पाण्यात जातो. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम डायक्लोफिनॅक असलेल्या पाण्यात २८ दिवस ठेवलेल्या ट्राउट माशांच्या मूत्रपिंडात आणि कल्ल्यांत बिघाड आढळला. कॅनडात संशोधकांनी २००१ पासून तीन वर्षे एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतील हार्मोन सोडले. प्रमाण लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जांश भागाच्या पाच-सहा पट. नर माशांच्या शरीरात अंड्यांसाठी लागणारे प्रथिन तयार होऊ लागले आणि तळ्यातील त्या छोट्या माशांची जात जवळजवळ संपली.

मालवणला याची चिंता का?
नद्यांचे पाणी शेवटी खाडीत येते. तिथल्या कांदळवनात तांबोशी, शेवटे यांची पिल्ले वाढतात. मेलेले मासे तरंगले तर सगळ्यांना दिसतात. अंडी आणि पिल्ले कमी झाली तर ते काही वर्षांनी रापणीत आणि जाळ्यात कळते.

काय करता येईल?
ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावी, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला.
• व्हाळाकाठी गवत ग्रास कटरने कापा.
• पावसाची चिन्हे असताना फवारणी टाळा.
• पंप आणि डबे व्हाळात धुऊ नका.
• उरलेल्या गोळ्या शौचालयात टाकू नका.