गाडीचं तखल्लुस

मुशायऱ्यात नवा शायर उभा राहिला की त्याचं तखल्लुस आधी कळतं, गझल नंतर. तखल्लुस जोरदार असलं म्हणून शेरही जोरदार होतो असं नाही. हल्ली साध्या घरगुती गाड्यांच्या पाठीवरची अक्षरं वाचताना मला हे हटकून आठवतं. जीटी, एन लाइन, एम स्पोर्ट, एएमजी लाइन! ही गाड्यांची तखल्लुसंच. त्यांच्यामागं गझल किती आणि नुसतं नाव किती, हे आज पाहू या.

मुळात ही अक्षरं कमावलेली आहेत. जर्मनीत १९६७ साली दोन इंजिनिअरांनी एएमजी सुरू केली, ती शर्यतीची इंजिनं बनवण्यासाठी. बीएमडब्ल्यूचा 'एम' हा १९७२ साली स्थापन झालेल्या तिच्या मोटरस्पोर्ट कंपनीचा. १९७६ साली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय बाजारात आली. घरगुती गोल्फच्या अंगात ११० पीएस ताकदीचं इंजिन घातलेलं. पीएस म्हणजे अश्वशक्तीचं युरोपीय माप. कंपनीनं अशा ५,००० गाड्याच काढायचं ठरवलं होतं; पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. तिची ओळख म्हणजे पुढच्या जाळीभोवतीची लाल रेघ.

पुढं कारखानदारांच्या ध्यानात आलं की इंजिन महाग पडतं, लाल रेघ स्वस्त. मग दोन पायऱ्या झाल्या. ऑडीची 'एस' ही खरी ताकदवान गाडी, तर 'एस लाइन' म्हणजे बहुतेक करून तिचा पोशाख. फोर्डची 'एसटी' आणि 'एसटी-लाइन' यांचंही तेच. 'लाइन' हा शब्द दिसला की वाचकांनी जरा थांबावं, ते यासाठी.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या चाकणचंच उदाहरण घ्या. तिथं बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ साली आली, तेव्हा 'जीटी' नाव होतं दीड लिटरच्या, १५० पीएसच्या इंजिनाला. २०२४ साली 'जीटी लाइन' आली. तिच्यात इंजिन एक लिटरचं, ११५ पीएसचं. काळा साज तसाच रुबाबदार, पण ३५ पीएसचा फरक आहे. कंपनीनं ही माहिती लपवलेली नाही, पत्रकात छापलेली आहे. फक्त अक्षरं मोठी असतात आणि आकडे बारीक.

न्यायानं बोलायचं तर प्रत्येक 'लाइन' निव्वळ रंगरंगोटी नसते. २०२१ साली भारतात आलेल्या ह्युंदाई आय२० एन लाइनचं इंजिन साध्या टर्बो आय२०चंच, १२० पीएसचं होतं. मात्र तिचं सस्पेन्शन कडक केलेलं होतं आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. युरोपातल्या खऱ्या 'आय२० एन'ची ताकद मात्र २०४ पीएस.

माझ्या भाच्यानं मोठ्या कौतुकानं त्याची नवी गाडी दाखवली. "मामू, मागं दोन-दोन सायलेन्सर आहेत बघा!" मी वाकून पाहिलं. बंपरमध्ये चकचकीत प्लास्टिकच्या दोन चौकटी होत्या, आरपार भोक एकालाही नव्हतं. धूर सोडणारी खरी नळी आत, खाली जमिनीकडं वळलेली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण ही रीत एकाच कंपनीची नाही.

मागच्या पंखाचं, म्हणजे स्पॉयलरचंही असंच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १२० किलोमीटरला जेवढा दाब असतो, त्याच्या एक नवमांशच ४०ला. आपल्या गावातल्या वाहतुकीत तो पंख शोभेचाच. मोठी चाकं आणि पातळ टायर यांचा परिणाम मात्र खरा असतो: खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो, रिम वाकण्याचा धोका वाढतो आणि नवा टायर महाग पडतो.

हौसेला मोल नसतं, आणि हौस असण्यात वावगंही काही नाही. लाल शिलाईची सीट आवडली तर जरूर घ्यावी. पण कर्जाच्या हप्त्यावर गाडी घेणाऱ्या घरात प्रत्येक हजाराचा हिशेब असतो. म्हणून पत्रकातल्या चार गोष्टी आधी वाचाव्यात: इंजिनाची ताकद, गाडीचं वजन, ब्रेकचा प्रकार आणि टायरचं माप. मग त्याच इंजिनाच्या साध्या गाडीची किंमत शेजारी लिहावी. वजाबाकी करून जे उरेल, ती अक्षरांची आणि साजाची किंमत. तेवढ्याच पैशांत जास्त एअरबॅग किंवा गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा मिळत असेल, तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं. कारण गाडीत मागच्या सीटवर बसणाऱ्या आजीला पाठीवरची अक्षरं दिसत नाहीत. तिला खड्डे कळतात आणि ब्रेक कळतो.