पाण्याशी झुंज

1756 साली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट यांनी स्टिल्बाइटचा खडा फुंकणीच्या जाळावर धरला, तर तो चक्क फसफसला. खड्याच्या सूक्ष्म छिद्रांत दडलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. स्टिल्बाइटसारखी ही सच्छिद्र झिओलाइट खनिजं आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही मुबलक सापडतात. छिद्रांत कार्बन डायऑक्साइड कोंडायचा तर आधी या पाण्याचा बंदोबस्त करायला हवा, हे मात्र उमगायला फार काळ गेला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर युनियन कार्बाइडने कृत्रिम झिओलाइट बाजारात आणले. 1973 मध्ये स्कायलॅबवर अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तेच टिपत होते. अट एकच, हवा आधी कोरडी करून द्यायची. पाणी मिळालं की झिओलाइट कार्बन डायऑक्साइडला विचारत नाही. धुराड्यातला धूर तर दमटच असतो.

मग आल्या धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून विणलेल्या जाळ्या, म्हणजे ‘मॉफ’. रिचर्ड रॉबसन यांनी 1989 मध्ये वाट दाखवली, सुसुमू कितागावा आणि ओमर यागी यांनी ती रुंद केली. 1999 च्या मॉफ-5 नंतर पृष्ठफळाची शर्यतच लागली. 2004 मध्ये मॉफ-177 च्या एका ग्रॅममध्ये सुमारे 4,500 चौरस मीटर पृष्ठफळ मोजलं गेलं. आकडे डोळे दिपवणारे होते. पण मॉफ-5 दमट हवेतही ढासळायचा.

शर्यतीला वळण दिलं ते कॅल्फ-20 ने. कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने 2021 मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध केला. सहलेखकांत पुण्याच्या आयसरचे रामनाथन वैद्यनाथन होते. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झलेट हा त्याचा साधा मालमसाला. पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम पाचशे चौरस मीटरच्या घरात, पण सुमारे 40 टक्के आर्द्रतेपर्यंत तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड उचलतो आणि वाफेचा मारा सोसतो.

2024 मध्ये यागींच्या गटाने बर्कलेच्या उघड्या हवेत कॉफ-999 तपासला. कॉफही मॉफसारखीच जाळी, पण यात धातू नाही. छिद्रांत अमाइन बसवलेले आहेत. दमटपणाने त्याची कार्बन डायऑक्साइडवरची पकड उलट वाढते आणि सुमारे 60 अंश सेल्सिअसला तो वायू सोडून देतो. असा 200 ग्रॅम पदार्थ वर्षाला 20 किलो वायू टिपू शकेल, असा संशोधकांचा अंदाज आहे.

रॉबसन, कितागावा, यागी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नव्या पदार्थाची ओळख आजही ग्रॅममागे किती चौरस मीटर यानेच करून दिली जाते. धुराड्याशी तो उभा करायचा असेल, तर पाण्यात किती टिकतो आणि वायू सोडताना टनामागे किती उष्णता मागतो, हे आधी विचारावं.